अँड्रॉइड अॅपमधील यादी बॅकग्राउंड थ्रेडवरून सुरक्षितपणे कशी बदलावी

अँड्रॉइड अॅप लिहायला शिकणाऱ्याच्या हातून तयार होणारी पहिली खरीखुरी स्क्रीन बहुधा यादीची असते: सर्व्हरकडून किंवा डेटाबेसमधून माहिती आणायची आणि ती रिसायकलरव्ह्यूमध्ये, म्हणजे लांब यादी दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या घटकात, एकाखाली एक मांडायची. माहिती एकदाच आणून दाखवायची असेल तोवर काही बिघडत नाही. पण तीच यादी डोळ्यांदेखत बदलू लागली, म्हणजे नव्या ओळी येऊ लागल्या, जुन्या गळू लागल्या आणि हे बदल वेगवेगळ्या थ्रेडवरून (एकाच अॅपमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या स्वतंत्र धाग्यांवरून) होऊ लागले, की अॅप मधूनच, एखाद्याच फोनवर, पुन्हा करून दाखवता येणार नाही अशा रीतीने बंद पडू लागते. यावर उपाय आहे आणि तो एका नियमात सांगता येतो. बॅकग्राउंड थ्रेडने नवी यादी खुशाल तयार करावी, पण अडॅप्टर, म्हणजे रिसायकलरव्ह्यूला ओळी पुरवणारा क्लास, ज्या यादीवरून वाचत आहे तिला कधीही हात लावू नये. जुनी यादी बाजूला सारून नवी ठेवण्याचे काम मेन थ्रेडनेच करावे. पुढच्या सर्व पायऱ्या या नियमातूनच निघतात.

उदाहरण म्हणून बाजार समित्यांमधील शेतमालाचे भाव दाखवणारे छोटे अॅप डोळ्यांसमोर ठेवू. प्रत्येक ओळीत बाजार समिती, शेतमाल आणि प्रतिक्विंटल भाव आहे, आणि लिलाव चालू असेपर्यंत भाव बदलत राहतात. भाषा कोटलिन आहे. क्लास आणि फंक्शन यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती लगेच ओळखू येतील.

मेन थ्रेडवर काय चालते

अॅप सुरू होताच अँड्रॉइड त्याला एक मेन थ्रेड देते. स्पर्श ओळखणे, व्ह्यू (पडद्यावरचे घटक) मोजणे, मांडणे, ते पडद्यावर काढण्याची तयारी करणे आणि अॅक्टिव्हिटीच्या (अॅपच्या स्क्रीनच्या) जीवनचक्रातील फंक्शन्स चालवणे ही सगळी कामे हा एकच थ्रेड रांगेने करतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमसाठी त्याला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झच्या पडद्यावर जेमतेम ८. तेवढ्या वेळात काम आटोपले नाही तर स्क्रोल अडखळते, आणि स्पर्शाची दखल ५ सेकंदांत घेतली गेली नाही तर अॅप प्रतिसाद देत नसल्याची चौकट वापरणाऱ्यासमोर येते. म्हणून नेटवर्क, डेटाबेस, मोठी छाननी अशी कामे मागच्या थ्रेडवर न्यावीच लागतात. मेन थ्रेडवरून नेटवर्कला हात घातला तर अँड्रॉइड ३.० पासून सिस्टिम स्वतःच एक्सेप्शन (हाताळले नाही तर अॅप बंद पाडणारी चूक) फेकते.

दुसरी बाजू अशी की व्ह्यूंना कुलपे, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणारी सोय, नसतात. दोन थ्रेडनी एकाच वेळी एकाच व्ह्यूमध्ये फेरबदल केले तर त्याची अवस्था काय होईल हे सांगता येत नाही, आणि प्रत्येक व्ह्यूला कुलूप लावले तर पडदा मंदावेल. त्यामुळे अँड्रॉइडने सरळ बंधन घातले आहे: ज्या थ्रेडने व्ह्यूंची रचना उभी केली, त्यानेच त्यांना हात लावावा. हे बंधन मोडल्यावर दिसणारे एक्सेप्शन 'कॉल्ड फ्रॉम राँग थ्रेड' या नावाचे असते.

क्रॅश नेमका कोठे होतो

या भागासाठी थोडा अधिक वेळ द्यावा, कारण पुढच्या पायऱ्या का घ्यायच्या ते येथेच कळते.

समजा अडॅप्टरमध्ये एक बदलता येणारी यादी आहे आणि तिच्यात ४० ओळी आहेत. रिसायकलरव्ह्यूने लेआउट (ओळी पडद्यावर मांडण्याचे काम) सुरू करताना 'गेट आयटम काउंट'ला विचारले, ४० हे उत्तर मिळाले आणि त्याने ते टिपून ठेवले. नेमक्या त्याच वेळी बॅकग्राउंड थ्रेडवर नवे भाव येऊन पोहोचले आणि तेथील कोडने नवे भाव भरण्यासाठी आधी यादी रिकामी केली. इकडे लेआउट पुढे चालूच आहे. त्याला बारावी ओळ हवी आहे. तो पुन्हा अडॅप्टरकडे पाहतो तर यादीत आता एकही ओळ नाही. रिसायकलरव्ह्यू 'इनकन्सिस्टन्सी डिटेक्टेड' असा संदेश देऊन थांबतो. ही तपासणी पार पडल्यानंतर आणि ओळ प्रत्यक्ष भरण्याआधी यादी रिकामी झाली, तर 'ऑन बाइंड व्ह्यू होल्डर'मध्ये यादीबाहेरच्या क्रमांकाचे एक्सेप्शन येते. पहिल्या प्रकारात क्रॅशच्या नोंदीत आपल्या कोडची एकही ओळ बहुधा दिसत नाही, सगळी नावे रिसायकलरव्ह्यू आणि लेआउट मॅनेजर यांचीच असतात, आणि नवा प्रोग्रामर दोष लायब्ररीचा समजून तिची आवृत्ती बदलत बसतो. हा संदेश दिसला की प्रथम एकच प्रश्न विचारावा: अडॅप्टरच्या यादीत कोण, कोठून आणि केव्हा फेरबदल करत आहे?

याहून फसवी गोष्ट म्हणजे चुकीच्या थ्रेडवरून केलेला बदल प्रत्येक वेळी पकडला जातोच असे नाही. थ्रेडची तपासणी व्ह्यूंच्या रचनेच्या मुळाशी होते. बॅकग्राउंड थ्रेडवरून, यादी बदलल्याची सूचना देणारे 'नोटिफाय डेटासेट चेंज्ड' बोलावले की लेआउटची मागणी एकेक पायरी चढत मुळापर्यंत जाते आणि तेथे अडवली जाते. पण वरच्या एखाद्या व्ह्यूने आधीच लेआउट मागितलेला असेल तर मागणी वाटेतच थांबते आणि तपासणी होतच नाही. 'ऑन क्रिएट' चालू असताना तर ते मूळ अजून जोडलेलेच नसते. शिवाय रिसायकलरव्ह्यूवर 'सेट हॅज फिक्स्ड साइझ' खरे ठेवले असेल तर 'नोटिफाय आयटम इन्सर्टेड'सारख्या सूचनांवरचे काम पुढच्या फ्रेमसाठी रांगेत टाकले जाते, आणि त्या वाटेवर थ्रेड कोणीच तपासत नाही. म्हणून 'माझ्या फोनवर तर चालते' हा पुरावा या बाबतीत कधीच पुरेसा मानू नये.

येथे अनेकांना कुलूप लावलेली किंवा एकाच वेळी अनेक थ्रेडना चालणारी यादी वापरण्याचा मोह होतो. तिने प्रश्न सुटत नाही. अशी यादी स्वतःची आतली मांडणी सांभाळते. पण रिसायकलरव्ह्यूने टिपलेली संख्या, त्याला मिळालेली सूचना आणि यादीतील प्रत्यक्ष ओळी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि ती जुळणी यादीच्या आतल्या कुलपाच्या आवाक्याबाहेर असते.

पहिली पायरी: काम खरोखर मागे गेले आहे याची खात्री करा

कोरुटीन (मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणारे कोटलिनमधील काम) सुरू केले म्हणजे काम बॅकग्राउंडला गेले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. 'व्ह्यूमॉडेल स्कोप'मध्ये (व्ह्यूमॉडेल म्हणजे स्क्रीनची माहिती सांभाळणारा क्लास) सुरू केलेले कोरुटीन, वेगळे काही सांगितले नाही तर, मेन थ्रेडवरच चालते. 'सस्पेंड' हा शब्दही थ्रेड बदलत नाही. ते फंक्शन मध्येच थांबू शकते, एवढेच तो सांगतो. थ्रेड बदलायचा असेल तर 'विथ कॉन्टेक्स्ट' वापरून डिस्पॅचर, म्हणजे काम कोणत्या थ्रेडवर चालावे हे ठरवणारा घटक, स्पष्टपणे सांगावा लागतो: फाइल किंवा सॉकेट यांसारख्या वाट पाहण्याच्या कामांसाठी 'डिस्पॅचर्स आयओ' आणि छाननी, वर्गवारी, क्रम लावणे अशा प्रोसेसर राबवणाऱ्या कामांसाठी 'डिस्पॅचर्स डिफॉल्ट'.

रूम (डेटाबेससाठी) आणि रेट्रोफिट (नेटवर्कसाठी) या लायब्ररींची सस्पेंड फंक्शन्स मात्र आपले काम स्वतःच मागे नेतात, त्यामुळे ती मेन थ्रेडवरून बोलावली तरी चालतात आणि त्यांना पुन्हा 'आयओ'मध्ये गुंडाळण्याची गरज नसते. धोका असतो तो उत्तर आल्यानंतरच्या कामात. सर्व्हरने दिलेल्या हजारो नोंदींमधून आपल्या जिल्ह्याच्या वेगळ्या काढणे, त्यांना क्रम लावणे, प्रत्येकीसाठी दाखवायचा मजकूर तयार करणे हे काम उत्तर हातात पडताच पुढच्याच ओळीत लिहिले जाते आणि नकळत मेन थ्रेडवर चालते. ते उचलून 'डिस्पॅचर्स डिफॉल्ट'मध्ये ठेवावे. माझा आग्रह असा की थ्रेड बदलण्याची जबाबदारी काम करणाऱ्या फंक्शननेच घ्यावी, बोलावणाऱ्यावर टाकू नये. म्हणजे रिपॉझिटरीतील (माहिती आणून देणाऱ्या क्लासमधील) कोणतेही फंक्शन मेन थ्रेडवरून निर्धास्तपणे बोलावता येते.

जुन्या कोडमध्ये बॅकग्राउंड कामासाठीचा असिंक टास्क हा क्लास दिसेल. तो अँड्रॉइड ११ च्या वेळी कालबाह्य ठरवला गेला आहे, तेव्हा नव्या कोडमध्ये तो घेऊ नये. 'रन ऑन यूआय थ्रेड' किंवा हँडलर वापरणे चूक नाही, पण त्यांनी फक्त निरोप मेन थ्रेडवर पोहोचतो. बॅकग्राउंडमध्ये यादी बदलून केवळ सूचना देण्याची ओळ 'रन ऑन यूआय थ्रेड'मध्ये टाकणे हा सर्वांत जास्त आढळणारा अर्धवट उपाय आहे: यादी बदलण्याचा क्षण आणि सूचना पोहोचण्याचा क्षण यांत फट राहते, आणि वर सांगितलेला क्रॅश त्याच फटीत होतो.

दुसरी पायरी: यादी बदलू नका, नवी यादी द्या

व्ह्यूमॉडेलमध्ये स्क्रीनची अवस्था एका स्टेटफ्लोमध्ये (ताजी किंमत, म्हणजे व्हॅल्यू, धरून ठेवणाऱ्या आणि ती बदलली की ऐकणाऱ्यांना कळवणाऱ्या प्रवाहात) ठेवावी आणि त्यात वाचण्यापुरतीच असलेली यादी असावी. कोटलिनमधील 'लिस्ट' हा प्रकार फक्त वाचण्याचे अधिकार देतो. त्यामागे बदलता येणारी यादी दडलेली असू शकते आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातात असेल तर ती बदलतच राहील. म्हणून बाहेर देताना 'टू लिस्ट'ने प्रत काढावी, आणि ती प्रत ज्या थ्रेडकडे मूळ यादीची मालकी आहे त्याच थ्रेडवर काढावी. दुसरा थ्रेड यादी बदलत असताना प्रत काढू गेलात तर प्रत काढतानाच एक्सेप्शन येऊ शकते.

हेच ओळीतील वस्तूंनाही लागू आहे. भावाची नोंद डेटा क्लास असावी आणि तिचे सर्व घटक 'व्हॅल', म्हणजे एकदा दिल्यावर न बदलणारे, असावेत. भाव बदलला की जुन्या नोंदीतील आकडा बदलू नये, 'कॉपी' फंक्शनने नवी नोंद तयार करावी. याचे कारण तिसऱ्या पायरीत स्पष्ट होईल.

दोन थ्रेडवरून एकाच स्टेटफ्लोमध्ये भर पडत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. आधीची किंमत (येथे यादी) वाचायची, तिला एक ओळ जोडायची आणि परत लिहायची, असे केल्यास दोन्ही थ्रेड तीच जुनी किंमत वाचतात आणि नंतर लिहिणाऱ्याकडून पहिल्याची ओळ पुसली जाते. स्टेटफ्लोचे 'अपडेट' फंक्शन मध्ये कोणी किंमत बदलली आहे का हे तपासून गरज पडल्यास हिशोब पुन्हा करते, म्हणून तेच वापरावे.

स्टेटफ्लोच्या जागी लाइव्हडेटा वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की 'सेट व्हॅल्यू' फक्त मेन थ्रेडवर चालते आणि बॅकग्राउंडवरून 'पोस्ट व्हॅल्यू' वापरावे लागते. आणि मेन थ्रेडला सवड मिळण्यापूर्वी ते अनेकदा बोलावले गेले तर फक्त शेवटची किंमत पोहोचते. दर वेळी पूर्ण यादी पाठवत असाल तर यात काहीच नुकसान नाही. पण 'या तीन ओळी नव्याने आल्या' असे तुकडे पाठवत असाल तर मधले तुकडे हरवतील. तुकड्यांऐवजी पूर्ण अवस्था पाठवण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरी पायरी: फरक काढण्याचे काम लिस्टअडॅप्टरवर सोपवा

दर वेळी पूर्ण यादी देऊन 'नोटिफाय डेटासेट चेंज्ड' बोलावले तर पडद्यावरच्या सगळ्या ओळी पुन्हा भरल्या जातात आणि कोणती ओळ सरकली, कोणती गेली हे अॅनिमेशनने दाखवता येत नाही. डिफयुटिल जुन्या आणि नव्या यादीतील कमीत कमी फरक शोधून नेमक्या सूचना तयार करते. त्यामागे यूजीन मायर्स यांचा अल्गोरिदम आहे. मात्र हा हिशोब फुकट होत नाही. अँड्रॉइडच्या दस्तऐवजात नेक्सस ५एक्स फोनवरची मोजमापे दिली आहेत: १०० ओळींत १० बदल असतील तर सरासरी ०.३९ मिलिसेकंद, पण १,००० ओळींत २०० बदल असतील तर सुमारे २७ मिलिसेकंद. म्हणजे दुसऱ्या प्रकारात ६० हर्ट्झच्या पडद्यावरची एक फ्रेम नक्कीच हुकते. म्हणून हा हिशोबही मागे गेला पाहिजे.

रिसायकलरव्ह्यूसोबत येणारा लिस्टअडॅप्टर हेच करतो. 'सबमिट लिस्ट'ला नवी यादी दिली की तो फरक बॅकग्राउंड थ्रेडवर काढतो आणि मग यादीची अदलाबदल व सूचना ही दोन्ही कामे मेन थ्रेडवर एकत्रच करतो. त्यामुळे वर सांगितलेली फट उरत नाही. फरक निघेपर्यंत त्याहून नवी यादी आली तर जुन्या हिशोबाचे उत्तर तो टाकून देतो. 'सबमिट लिस्ट' स्वतः मेन थ्रेडवरूनच बोलवावे.

आपल्याला लिहायची आहेत ती दोन फंक्शन्स. 'आर आयटम्स द सेम' विचारते की या दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत का. आपल्या उदाहरणात याचे उत्तर बाजार समितीचा आणि शेतमालाचा क्रमांक जुळतो का यावर द्यावे, भावावर नव्हे. 'आर कन्टेन्ट्स द सेम' विचारते की दाखवण्याजोगे काही बदलले आहे का. डेटा क्लासची सरळ तुलना येथे पुरते. लासलगावच्या कांद्याचा भाव बदलला तर पहिल्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' येते, आणि तेवढीच ओळ पुन्हा भरली जाते. पहिल्या फंक्शनमध्ये भावही घातला तर तीच ओळ गेली आणि दुसरी आली असे रिसायकलरव्ह्यूला वाटेल आणि पडद्यावर विनाकारण लुकलुक दिसेल.

आता दुसऱ्या पायरीतील आग्रहाचे कारण. अडॅप्टरला आधी दिलेल्याच यादीत एक ओळ घालून तीच यादी पुन्हा 'सबमिट लिस्ट'ला दिली तर काहीही होत नाही, कारण संदर्भ तोच असल्याचे पाहून ते लगेच परत फिरते. स्टेटफ्लोही समान किंमत पुढे पाठवत नाही. आणि यादी नवी असली तरी तिच्यातील नोंद जुनीच असून तिच्या आतला आकडा बदललेला असेल, तर तुलना त्या नोंदीची स्वतःशीच होते आणि 'काही बदलले नाही' हेच उत्तर येते. 'सबमिट लिस्ट बोलावूनही यादी बदलत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एक गोष्ट असते.

फरक नंतर लागू होतो याचा आणखी एक परिणाम आहे. 'सबमिट लिस्ट'च्या पुढच्याच ओळीत यादी वर नेण्याची आज्ञा दिली तर ती जुन्या यादीवर चालते. त्यासाठी 'सबमिट लिस्ट'ला दुसरे आर्ग्युमेंट म्हणून कॉलबॅक द्यावा. नवी यादी लागू झाल्यावर तो चालतो.

चौथी पायरी: स्क्रीन दिसत असेल तेव्हाच ऐका

फ्रॅगमेंटमध्ये (स्क्रीनचा एक भाग सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) फ्लो, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या किमतींचा प्रवाह, गोळा करताना 'व्ह्यू लाइफसायकल ओनर'चा स्कोप घ्यावा आणि 'रिपीट ऑन लाइफसायकल'ला 'स्टार्टेड' ही अवस्था द्यावी. त्यामुळे स्क्रीन मागे गेली की ऐकणे थांबते आणि पुढे आली की शेवटच्या अवस्थेपासून पुन्हा सुरू होते. फ्रॅगमेंटचे स्वतःचे आयुष्य त्याच्या व्ह्यूपेक्षा मोठे असू शकते. फ्रॅगमेंटच्याच स्कोपमध्ये ऐकत राहिलात तर व्ह्यू नष्ट झाल्यावरही नवी यादी येऊन धडकते.

पाचवी पायरी: उशिरा येणाऱ्या उत्तरांचा बंदोबस्त

थ्रेड बरोबर असूनही यादी चुकू शकते. वापरणाऱ्याने आधी कांदा निवडला आणि लगेच सोयाबीन निवडले. कांद्याचे उत्तर उशिरा आले आणि सोयाबीनच्या शीर्षकाखाली कांद्याचे भाव दिसू लागले. लिस्टअडॅप्टर जुना हिशोब टाकून देतो तो फक्त फरक काढण्याच्या टप्प्यावर. नेटवर्कवरून कोणते उत्तर आधी यावे हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी निवड हाच एक फ्लो करावा आणि त्यावर 'फ्लॅट मॅप लेटेस्ट' लावावे, म्हणजे नवी निवड येताच आधीचे काम रद्द होते.

ओळीतील चित्रांबाबतही हेच घडते. रिसायकलरव्ह्यू तोच व्ह्यू दुसऱ्या ओळीसाठी वापरतो, आणि आधीच्या ओळीचे चित्र उशिरा उतरले तर ते भलत्याच ओळीत बसते. ग्लाइड किंवा कॉइल या लायब्ररी त्याच व्ह्यूवरची आधीची मागणी रद्द करतात, म्हणून चित्रे हाताने उतरवत बसू नये. ओळीवर टॅप झाल्यावर क्रमांक हवा असेल तर तो भरताना मिळालेला न वापरता 'बाइंडिंग अडॅप्टर पोझिशन' त्या क्षणी विचारावी, आणि उत्तर 'नो पोझिशन' आले तर काहीही न करता परत फिरावे. ओळ त्याच सुमारास यादीतून गेलेली असते.

भाव सेकंदाला अनेकदा बदलत असतील तर प्रत्येक बदलाला 'सबमिट लिस्ट' करणे व्यर्थ आहे. फ्लोवर 'सॅम्पल' लावून अर्ध्या सेकंदातून एकदा ताजी यादी घ्यावी. यापेक्षा जलद बदलणारे आकडे नीट वाचणे कठीण जाते.

कंपोझ आणि आयओएस यांविषयी थोडेसे

जेटपॅक कंपोझमध्ये (व्ह्यूंऐवजी कोटलिन फंक्शन्सनी स्क्रीन लिहिण्याच्या अँड्रॉइडच्या पद्धतीत) अडॅप्टर नसतो, पण नियम तोच राहतो: व्ह्यूमॉडेलमधून पूर्ण यादी द्यावी आणि 'लेझी कॉलम'मध्ये प्रत्येक ओळीला स्थिर 'की' द्यावी. आयओएसवर यूआयकिटही मेन थ्रेडचेच बंधन घालते आणि एक्सकोडमधील मेन थ्रेड चेकर ते मोडणारा कोड चालू असतानाच दाखवून देतो. तेथे आयओएस १३ पासून उपलब्ध असलेला डिफेबल डेटा सोर्स लिस्टअडॅप्टरसारखेच काम करतो.

शेवटची पायरी: मुद्दाम त्रास देऊन पाहा

या चुका शांतपणे वापरलेल्या अॅपमध्ये दिसत नाहीत. डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठीच्या अॅपमध्ये) स्ट्रिक्टमोड चालू करून मेन थ्रेडवरचे डिस्क आणि नेटवर्कचे काम पकडावे. रिपॉझिटरीच्या आत फक्त मागच्या थ्रेडवरच चालवायच्या फंक्शन्सना 'वर्कर थ्रेड' आणि अडॅप्टरला हात लावणाऱ्या फंक्शन्सना 'मेन थ्रेड' ही अॅनोटेशन्स लावावीत, म्हणजे काही चुका लिंट (कोड न चालवता तपासणारे साधन) आधीच सांगेल. मग चाचणीपुरता असा बनावट स्रोत लिहावा जो दर काही मिलिसेकंदांनी यादी कधी रिकामी, कधी भरलेली, कधी उलट्या क्रमाने देतो, आणि तो चालू असताना यादी जोराने वर-खाली सरकवावी, ओळींवर टॅप करावे, फोन आडवा-उभा करावा, दुसऱ्या अॅपमध्ये जाऊन परत यावे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये अॅक्टिव्हिटी लगेच नष्ट करण्याचा पर्याय आहे. तो चालू करून हेच सारे पुन्हा करावे, आणि शक्यतो जुन्या, मंद फोनवर करावे, कारण तेथे प्रत्येक काम रेंगाळते आणि दोन थ्रेडमधील फट रुंदावून चूक लवकर उघडी पडते.